परदेशातून येऊन परळमध्ये पेशी जगवणाऱ्या कमल रणदिवे, ज्यांनी कॅन्सर आणि कुष्ठरोग एकाच खोलीतून शोधला

अमरावतीच्या माणसाला रेल्वेनं मुंबई गाठायची म्हटलं की बडनेरा टाळता येत नाही. अमरावती विभागाचं मुख्य ठिकाण असलं तरी मुंबई-हावडा मेन लाइन अमरावती शहरातून जात नाही, बडनेऱ्यातून जाते. अमरावतीला जायचं तर तिथून फाटा. त्यामुळं बडनेऱ्याला एक काम कायम चालू असतं. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, कुठला डबा कुठं लावायचा, कुणाला उतरवायचं आणि कुणाला पुढं पाठवायचं. एक सांधा चुकीचा पडला तर पुढचं सगळं वेळापत्रक बोंबललं म्हणून समजा.

आता हेच जंक्शन एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसवा. ती झाली तुमच्या शरीरातली एक पेशी.

पेशीच्या आत प्रथिनं तयार होतात. ती बारीक पिशव्यांमध्ये भरली जातात. या पिशव्या ज्या पडद्याच्या बनलेल्या असतात तो इतका पातळ असतो, की माणसाच्या केसाच्या जाडीत असे साधारण दहा हजार पडदे बसतील. पिशवी एका ठिकाणाहून सुटते, गॉल्जी नावाच्या भागात पोचते, तिथं मालाची छाननी होते, पत्ता पडतो आणि पिशवी पुढं निघते. काही माल पेशीच्या बाहेर जातो, काही आत मोडीत काढायला जातो. बाहेरून येणारा मालही असाच पिशवीत गुंडाळून आत घेतला जातो.

पेशीतल्या या पडद्यांच्या वाहतुकीवर आज जगभरातल्या विद्यापीठांमध्ये स्वतंत्र प्रयोगशाळा चालतात. २०१३ साली रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ या तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच पिशव्यांचा प्रवास कसा चालतो हे उलगडून दाखवल्याबद्दल.

या वाहतुकीत विनातिकीट घुसणारेही असतात. विषाणू घुसतात, जंतू घुसतात. त्यांना पकडायचं तर ते पेशीत नेमके कुठं जातात हे बघावं लागतं. आणि ते बघायचं तर आधी पेशी शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत जिवंत ठेवता आली पाहिजे.

भारताला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडं हे तंत्र जवळपास नव्हतंच. ते इथं रुजवण्यात ज्यांचं नाव सगळ्यात वर येतं त्या म्हणजे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे.

वडिलांना डॉक्टर हवी होती

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात कमल समर्थ यांचा जन्म झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. घरात मुलगा-मुलगी असा भेद न करता सगळ्या पोरांनी शिकलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कमल अभ्यासात हुशार. शाळा हुजूरपागा.

वडिलांच्या मनात दोन गोष्टी होत्या. मुलीनं मेडिकलला जावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. कमलनी दोन्ही केलं नाही.

त्यांनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. १९३९ साली त्यांचं लग्न झालं ते जे. टी. रणदिवे यांच्याशी, आणि ते होते गणिताचे. पुढं १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केलं. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी आणि त्यातली गुणसूत्रं.

म्हणजे सुरुवात झाली सीताफळापासून. पण पेशी पेशीच असते. तिला कापायचं कसं, रंग द्यायचा कसा, सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघायचं कसं, हे सगळं त्यांना तिथंच अंगवळणी पडलं.

आणि लक्षात घ्या, हे शिक्षण लग्नानंतर चालू होतं. त्या काळात लग्न झालं की मुलीची पुस्तकं माळ्यावर जायची. कमलच्या बाबतीत उलटं झालं. पुढच्या शिक्षणात नवऱ्याची साथ मिळाली आणि त्या मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये कामाला लागल्या.

खानोलकरांच्या हाताखाली

परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडं. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारा माणूस म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

खानोलकरांचा विचार साधा होता. पेशंट आला, गाठ कापली, विषय संपला असं चालणार नाही. ही गाठ याच माणसाला का झाली, दुसऱ्याला का नाही, हे शोधलं पाहिजे. वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळे कॅन्सर जास्त का दिसतात, खाण्यापिण्याच्या आणि तंबाखू चघळण्याच्या सवयींचा तोंडाच्या कॅन्सरशी काय संबंध आहे, यावर त्यांनी फार आधी बोट ठेवलं होतं. खर्रा खाणाऱ्या विदर्भाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

त्यांचा दुसरा विषय होता कुष्ठरोग. हा आजार नुसता कातडीचा नाही, त्याचा जंतू मज्जातंतूंमध्ये घर करतो, यावर त्यांचं महत्त्वाचं काम आहे.

या माणसाच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवेंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. खानोलकरांनी त्यांना तिथंच थांबू दिलं नाही. बाहेर जा, टिश्यू कल्चर शिकून या, असा त्यांचा आग्रह होता. कमलना फेलोशिप मिळाली आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तिथं त्यांचे गुरू होते जॉर्ज गाय.

ती बाल्टिमोरची प्रयोगशाळा साधीसुधी नव्हती

टिश्यू कल्चर म्हणजे काय, तर शरीरातला एक बारीक तुकडा काढायचा आणि त्यातल्या पेशी बाहेर वाढवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण पेशीला शरीरात सगळं आयतं मिळत असतं. ऊब, साखर, क्षार, प्रथिनांचे घटक, ऑक्सिजन. बाहेर काढली की हे सगळं आपल्याला पुरवावं लागतं. तापमान ३७ अंशांवर धरावं लागतं. पोषक द्रव ठरावीक दिवसांनी बदलावा लागतो. आणि हवेतली एखादी बुरशी आत पडली तर महिन्याभराची मेहनत एका रात्रीत मातीमोल होते.

जॉर्ज गाय या कामात अवलिया होते. नळ्या सावकाश फिरवत ठेवल्या तर पेशींना द्रवही मिळतो आणि हवाही, हे ओळखून त्यांनी फिरणारं यंत्रच बनवलं होतं. १९५१ साली याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. माणसाच्या पेशी बाटलीत अखंड वाढत राहण्याची ती पहिली वेळ. हेला नावानं ओळखल्या जाणाऱ्या या पेशी आजही जगभरात वापरल्या जातात. त्या घेताना त्या बाईची किंवा तिच्या घरच्यांची परवानगी घेतली नव्हती, हा विज्ञानाच्या इतिहासातला काळा डागही तिथलाच.

अशा ठिकाणी शिकून आलेल्या माणसाला तिकडंच राहायचे रस्ते मोकळे असतात. कमल रणदिवे परत आल्या.

परळमध्ये शून्यापासून

१९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं होतं. खानोलकर त्याचे संस्थापक. कमल तिथं सीनियर रिसर्च ऑफिसर म्हणून रुजू झाल्या आणि त्यांनी दोन गोष्टी उभ्या केल्या. एक प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि दुसरी टिश्यू कल्चरची. ही टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा भारतातली पहिली म्हणून ओळखली जाते.

अडचण अशी होती की, बाल्टिमोरमध्ये जे कपाट उघडलं की मिळायचं, ते इथं जहाजानं यायचं. पोषक द्रव, रसायनं, सगळंच बाहेरचं. त्यातून मुंबईचा पावसाळा. हवेत ओल आणि ओलीत बुरशी.

परदेशी मालावर भरवसा ठेवून भारतात हे काम टिकणार नाही, हे कमलना कळलं होतं. म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रातले सहायक हाताशी घेतले आणि पेशींना लागणारे पोषक द्रव व त्यासोबतची रसायनं इथंच तयार करायला घेतली.

हे काम दिसायला छोटं आहे. त्याला नोबेल मिळत नाही, त्यावर सिनेमा निघत नाही. पण रूळच नसतील तर इंजिन कितीही भारी आणा, ते जाग्यावर उभं राहणार. भारतातल्या पेशीविज्ञानाचे रूळ ज्यांनी टाकले त्यांच्यात या बाईंचा नंबर वरचा आहे.

उंदराच्या दुधातून येणारा कॅन्सर

इंटरनेटवर कमल रणदिवेंबद्दल एक वाक्य सगळीकडं फिरतं. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांमध्ये त्या होत्या, असं ते वाक्य. यामागं नेमकं काय काम होतं ते समजून घेऊ.

१९३६ साली जॉन बिटनर या अमेरिकन शास्त्रज्ञानं उंदरांवर एक प्रयोग मांडला होता. उंदरांच्या काही जातींमध्ये माद्यांना स्तनाचा कॅन्सर हमखास व्हायचा. सगळ्यांना वाटायचं, हे रक्तातच असणार. बिटनरनं त्या जातीची पिल्लं जन्मताच उचलली आणि कॅन्सर नसलेल्या जातीच्या मादीच्या अंगावर पाजली. पिल्लांमध्ये कॅन्सरचं प्रमाण एकदम घटलं. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी येत होतं. तो होता एक विषाणू.

पेशीतली वाहतूक इथं येते. स्तनातली पेशी म्हणजे माल बाहेर पाठवणारं मोठं स्टेशन. दुधातली प्रथिनं आत तयार होतात, पिशव्यांत भरली जातात आणि पेशीच्या कडेला येऊन बाहेर सोडली जातात. स्निग्धांशाचे थेंब पेशीच्याच पडद्याचा तुकडा अंगावर लपेटून बाहेर पडतात. हा विषाणूही तेच करतो. पेशीच्या पडद्याचं पांघरूण घेतो, दुधात उतरतो आणि पिल्लाच्या पोटात पोचतो. पिल्लू मोठं होतं, गाभण राहतं, शरीरातली हार्मोन वाढतात आणि तेव्हा हा विषाणू जागा होऊन पुन्हा दुधात उतरतो.

म्हणजे एकटा विषाणू पुरेसा नाही. उंदराची जात कुठली, शरीरात हार्मोन किती आणि विषाणू आहे की नाही, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. कमल रणदिवेंच्या प्रयोगशाळेनं वर्षानुवर्षं नेमकं हेच नातं तपासलं. त्यासाठी उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळाव्या लागल्या. कुठल्या आईची कुठली पिल्लं, कुणी कुणाचं दूध प्यायलं, कुणाला कितव्या महिन्यात गाठ आली, याचा हिशेब ठेवावा लागला. स्तनाच्या कॅन्सरसोबत रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सरही त्यांच्या अभ्यासात होता.

इथं एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हे सगळं उंदरांचं आहे. माणसात आईच्या दुधातून बाळाला कॅन्सर जात नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे अनेक अभ्यासांमधून दिसलंय. उंदरानं शिकवलं ते एवढंच, की कॅन्सरला एकच कारण शोधत बसू नका.

एकाच लाइनची दोन टोकं

कमलच्या प्रयोगशाळेतला दुसरा मोठा विषय कुष्ठरोगाचा. वऱ्हाडाला या आजाराची वेगळी ओळख करून द्यायला नको.

विदर्भ हा कुष्ठसेवेचा प्रदेश. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, वरोऱ्याला बाबा आमटे आणि अमरावतीत तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव उर्फ दाजीसाहेब पटवर्धन. घरानं टाकलेली, गावानं वेशीबाहेर काढलेली माणसं तपोवनात येत होती. तिथं त्यांना जखमांवर पट्टी मिळायची, हाताला काम मिळायचं आणि माणूस म्हणून नाव मिळायचं.

बडनेऱ्यातून मुंबईला जाणारी लाइन परळवरून जाते. या लाइनच्या एका टोकाला आजारानं मोडलेली माणसं उभी राहत होती आणि दुसऱ्या टोकाला परळच्या प्रयोगशाळेत प्रश्न चालू होता, की हा जंतू जगतो तरी कसा?

प्रश्न साधा नव्हता. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सननं शोधला. माणसाच्या आजाराशी जोडल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा एक. पण टीबीचा जंतू जसा प्रयोगशाळेत वाढवता येतो तसा हा वाढवता येत नाही. तेव्हाही येत नव्हता, आजही येत नाही. जंतू वाढत नाही म्हणजे त्याच्यावर औषध तपासणं अवघड आणि लस बनवणंही अवघड.

असं का? याचं उत्तर पुन्हा पेशीच्या आत आहे. शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशींमधली एक जात त्याला गिळते. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो. दुसरीकडून पाचक रसांनी भरलेली पिशवी येते, दोन्ही पिशव्या एकमेकींत मिसळतात आणि जंतू विरघळतो. रोजचं वेळापत्रक असं आहे. पण कुष्ठरोगाचा जंतू हे वेळापत्रक बिघडवतो. ज्या पेशीनं त्याला मारायचं, तिच्याच पोटात तो मुक्काम ठोकतो आणि तिथं अतिशय सावकाश वाढतो. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला बारा-चौदा दिवस लागतात. मज्जातंतूंभोवतीच्या पेशींमध्येही तो असाच लपून बसतो. म्हणून आधी स्पर्श जातो. मग भाजलेलं कळत नाही, कापलेलं कळत नाही आणि बोटं झडायला लागतात.

जो जंतू पेशीच्या आतच जगतो, त्याचा अभ्यास पेशी जगवणाऱ्या खोलीतच होणार. म्हणून कॅन्सरच्या संस्थेत कुष्ठरोगावर काम चालू होतं.

१९५८ चा जंतू आणि त्याची लस

१९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी एक काम पुढं आणलं. कुष्ठरोग्याच्या शरीरातल्या गाठीतून त्यांनी एक जंतू वेगळा काढला होता आणि तो प्रयोगशाळेत वाढत होता. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात.

हाच कुष्ठरोगाचा जंतू असता तर ८५ वर्षांचं कोडं सुटलं असतं. पण तसं नव्हतं. पुढच्या तपासण्यांमध्ये तो कुष्ठरोगाच्या जंतूचा चुलतभाऊ निघाला. घराणं तेच, माणूस वेगळा.

दुसरं कुणी असतं तर हा विषय तिथंच गुंडाळला असता. पण चुलतभावाचा चेहरा बऱ्यापैकी जुळत होता. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला हा चेहरा दाखवला तर ती खऱ्या जंतूलाही ओळखेल का, हा पुढचा प्रश्न झाला. याच जंतूपासून १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी लस तयार केली. दक्षिण भारतात मोठी चाचणी झाली, त्यात चार वेगवेगळ्या लसींची तुलना केली गेली. १९९८ साली निकाल आले तेव्हा आयसीआरसी लसीनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. चौघींत हा आकडा सगळ्यात वरचा होता.

तरीही ही लस सरकारी लसीकरणात आली नाही. कारण तोवर चित्र बदललं होतं. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कुष्ठरोगासाठी एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली आणि भारतात रुग्णांची संख्या झपाट्यानं खाली आली. २००५ च्या अखेरीस देशात दर १० हजार माणसांमागं एकापेक्षा कमी रुग्ण, ही पातळी गाठली गेली.

त्यामुळं कमल रणदिवेंनी एकट्यानं कुष्ठरोगाची लस शोधली, असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते अर्धवट आहे. ज्या मूळ संशोधनातून ती लस आली त्यात त्यांचा वाटा होता आणि लस बनवणारे हात पुढच्या पिढीचे होते. यातून त्यांचं मोठेपण कमी होत नाही. विज्ञानात एक जण बी पेरतो आणि तिसरा कापणी करतो, हे नेहमीचंच.

बायकांनी लॅबमध्ये टिकायचं कसं?

१९६४ साली त्यांना मेडिकल कौन्सिलचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातलं वाटुमल फाउंडेशनचं पारितोषिकही आलं. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी कॅन्सर रिसर्च सेंटरच्या प्रभारी संचालक म्हणून काम पाहिलं. कॅन्सर कसा सुरू होतो, पेशी कशी चालते आणि शरीर प्रतिकार कसं करतं, या तीन विषयांचे नवे विभाग सुरू झाले. कॅन्सर आणि कुष्ठरोगावर मिळून त्यांचे २०० हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९८२ साली पद्मभूषण.

पण त्यांना एक गोष्ट दिसत होती. आपल्यामागून येणाऱ्या पोरी मधेच गळतायत. एम.एस्सी. होतात, लग्न होतं, मूल होतं आणि लॅबमधली खुर्ची रिकामी होते. अक्कल कमी म्हणून नाही. बाळाला कुठं ठेवायचं, नव्या शहरात राहायचं कुठं, एवढ्याशा कारणांनी.

१९७३ साली मुंबईत इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली, त्यात कमल रणदिवेंचा पुढाकार होता. या संस्थेनं नुसती चर्चासत्रं घेतली नाहीत. वाशीच्या केंद्रात नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर उभं राहिलं. पेशी जगवायची तर आधी तिच्या भोवतीचं वातावरण तयार करावं लागतं. शास्त्रज्ञ बाईचंही तेच.

निवृत्तीनंतरही त्या घरी बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, म्हणजे आपलं वऱ्हाडातलं अकोला नव्हे, सह्याद्रीच्या कुशीतलं अकोले, तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर त्यांनी काम केलं. १९८९ साली त्या बहात्तरीच्या घरात होत्या, तेव्हा या मुलांच्या वजन-उंचीपासून आहारापर्यंतच्या नोंदींचा अभ्यास चालू होता. गावातल्या बायकांच्या गटांना आरोग्याचे धडे देणंही त्यातच आलं.

शेवटचं उत्तर

११ एप्रिल २००१ रोजी कमल रणदिवे गेल्या. त्यांचं वय ८३ होतं.

त्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २००१ मध्ये, कुष्ठरोगाच्या जंतूचा पूर्ण जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला होता. त्यातून दिसलं की या जंतूची हजाराहून अधिक जनुकं निकामी झाली आहेत. हजारो वर्षं दुसऱ्याच्या पेशीत फुकट राहून त्यानं स्वतः कमवून खायचं कसबच गमावलंय. म्हणून तो बाटलीतल्या पोषक द्रवावर वाढत नाही. परळच्या खोलीत १९५० च्या दशकात जो प्रश्न पडला होता, त्याचं उत्तर त्या हयात असताना आलं.

२०२१ साली त्यांच्या १०४ व्या जयंतीला गुगलनं डूडल केलं आणि एका दिवसापुरतं त्यांचं नाव सगळ्यांच्या मोबाईलवर झळकलं. पण त्यांचं खरं काम शोधायचं तर पुण्याला जावं लागेल. १९८० च्या दशकात तिथं देशाची पेशी-बँक उभी राहिली. आजचं तिचं नाव राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. देशभरातल्या प्रयोगशाळांना तिथून जिवंत पेशी पुरवल्या जातात. अमरावतीतल्या एखाद्या संशोधक पोरीला पेशीतल्या पिशव्यांची वाहतूक बघायची असेल, तर तिला आज बाल्टिमोरला जायची गरज नाही. पुण्याला मागणी नोंदवायची आणि पेशी आल्या की ३७ अंशांवर ठेवायच्या.

राहिला कुष्ठरोग. तो संपलेला नाही. भारतात आजही दरवर्षी सुमारे १ लाख नवे रुग्ण सापडतात आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांची नावं त्यात असतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं टोचलेलं कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे, औषधही फुकट आहे आणि आजार पूर्ण बरा होतो. फक्त बोटं झडायची वाट बघू नका.